आंघोळीला बाळ दर वेळी किंचाळतं? रडणं नेमकं कुठे सुरू होतं ते पाहा

तक्रार साधारण अशी असते. एरवी शांत असलेलं बाळ आंघोळीच्या वेळी आकांत मांडतं. अंग लालबुंद होतं, हातपाय गार पडतात आणि आंघोळ आटोपली तरी हुंदके थांबत नाहीत. वेळ बदलून झाली, साबण बदलून झाला, पाणी थोडं जास्त गरम करून पाहिलं, तरी पुढच्या वेळी तेच. मग घरातलं कोणीतरी निकाल देऊन मोकळं होतं, ‘याला पाणीच आवडत नाही.’

पाण्याचाच तिटकारा असलेली बाळं असतीलही, पण थोडी. बहुतेक वेळा घोळ असतो तो पाण्यात जाण्याआधीच्या आणि पाण्यातून बाहेर आल्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत. म्हणून लगेच काही बदलायला जाऊ नका. एका आंघोळीला नुसतं लक्ष ठेवा. रडणं कपडे काढताना सुरू झालं, पाण्याला पाय लागताच, मधेच कधीतरी, की बाहेर काढल्याबरोबर? प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. सगळं एकदम बदललं आणि बाळ शांत झालं, तर कशाने झालं ते कळत नाही, आणि चार दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मुळात आज आंघोळ हवी आहे का?

रोज रडारड होत असेल तर हा प्रश्न आधी विचारावा, कारण नवजात बाळाला रोज आंघोळीची गरज नसते. ते मातीत खेळत नाही, त्याला मोठ्यांसारखा घाम येत नाही. तोंड, मान, काखा, जांघा आणि लंगोटाची जागा रोज पुसली, तर आठवड्यातून तीन वेळा आंघोळ पहिल्या वर्षात पुरते, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. रोज घातलीत तर बिघडलं असं नाही. पण बाळ पेंगुळलेलं आहे, घरात कोणी मदतीला नाही, खोली गार आहे, अशा दिवशी खुशाल पुसून घ्या. आंघोळ चुकली म्हणून काहीही होत नाही.

पहिल्या आंघोळीचीही घाई नको. जागतिक आरोग्य संघटना ती जन्मानंतर २४ तास पुढे ढकलायला सांगते. अंगावरचा पांढरा चिकट थर म्हणजे मळ नव्हे. त्वचेचं रक्षण करणारा लेप आहे तो, हळूहळू आपोआप जिरतो. घासून काढायचा नाही.

नाळेचा तुकडा साधारण एक ते तीन आठवड्यांत गळून पडतो. तोवर अंग पुसून घेणं सोपं पडतं. नाळ भिजली तर घाबरू नका, टिपून कोरडी करा आणि हवेला उघडी राहू द्या. लंगोटाची वरची कड तिच्या खाली दुमडा. ती ओढायची नाही, अगदी एका धाग्यावर लोंबत असली तरी नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिच्यावर काही लावायचंही नाही.

कपडे काढतानाच रडायला लागतं

इथे पाण्याचा संबंधच नाही. एकतर खोली गार आहे किंवा बाळाला असुरक्षित वाटतंय.

आपल्याला अंगात कपडे असताना सुखद वाटणारी खोली उघड्या बाळासाठी गारच असते. आंघोळीच्या जागी २४ ते २७ अंश सेल्सिअस असावं. पंखा, एसी बंद, खिडकी-दार लावलेलं. थंडीत हीटर लावायचा तर आधी खोली तापवून घ्या. बाळ पाण्यात गेल्यावर बटण दाबून काय उपयोग? न्हाणीघरापेक्षा आतल्या खोलीत जमिनीवर टब ठेवणं अनेकदा बरं पडतं. तिथे ओल कमी असते, वारा लागत नाही आणि बाळ उंचावरून पडण्याची भीतीही राहत नाही.

दुसरं कारण नीट पाहिलं की ओळखू येतं. कपडा सुटला, पाठीचा आधार किंचित हलला, की दोन्ही हात झटकन बाजूला फेकले जातात, बोटं पसरतात, क्षणभर सगळं थबकतं, मग हात पुन्हा छातीकडे वळतात आणि पाठोपाठ टाहो. ही मोरो प्रतिक्षिप्त क्रिया. आपण पडतोय असं वाटलं की निरोगी नवजात बाळ असंच दचकतं. काही महिन्यांत ती विरत जाते. तोपर्यंत बाळाचे हात मोकळे सोडायचे नाहीत.

त्यावर मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे गुंडाळून आंघोळ. एक पातळ, मऊ सुती कापड घ्या. बाळाचे हात छातीशी घेऊन त्याला सैलसर गुंडाळा आणि तसंच कापडासकट पाण्यात उतरवा, आधी पाय, मग कंबर, खांद्यापर्यंत. मग एक हात उघडायचा, धुवायचा, झाकायचा. दुसरा हात. मग पोट, एकेक पाय. पाठ शेवटी. संपूर्ण बाळ कधीच एकदम उघडं पडत नाही. भिजलेलं कापड अंगाला ऊब देतं, आणि निसरड्या अंगाऐवजी कापडाला पकड मिळते हा आपला फायदा. बाळाला वर उचलताना मात्र ते कापड पाण्यातच सोडून द्यायचं. ओल्या कापडासकट बाहेर काढलं तर केलेलं सगळं पाण्यात.

आणि साधी गोष्ट, भूक. भुकेलं बाळ काहीही केलं तरी रडणार आणि नुकतंच प्यायलेलं उलटी काढणार. दोन दूध पाजण्यांच्या मधला, बाळ टक्क जागं असतानाचा वेळ निवडा. ‘आंघोळीची वेळ नऊ’ असं घड्याळाशी बांधून घेतलं की पंचाईत होते.

पाण्याला पाय लागताच किंचाळतं

आता संशय पाण्यावर. ते ३७ ते ३८ अंश असावं, म्हणजे जवळपास शरीराच्याच तापमानाचं. ‘गरम’ म्हणावं असं नव्हेच, कोमट. तळहाताने अंदाज घेऊ नका. रोज भांडी, चहाचे कप, तवा हाताळून तळहात निबर झालेला असतो. कोपर बुडवा किंवा मनगटाच्या आतल्या बाजूवर पाणी घ्या. ना गरम ना गार, काहीच जाणवलं नाही, तर ते बरोबर. आंघोळीच्या पाण्याचा थर्मामीटर मिळाला तर उत्तमच, घरातल्या दोन माणसांचे वादही मिटतात.

टबात आधी गार पाणी, मग गरम. तळापासून हाताने ढवळा, कारण वरवर कोमट लागणाऱ्या पाण्यात कडेला कढत पट्टा राहू शकतो. त्यानंतर उरलेलं गरम पाणी हाताच्या अंतरावर ठेवायचं नाही. बाळ टबात असताना वरून गरम पाण्याची भर तर अजिबात घालू नये. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडीही पाचेक सेकंदांत खोलवर भाजवतं. बाळाची त्वचा त्याहून पातळ. गिझरचं तापमान ४९ अंशांच्या वर न ठेवलं तर चुकून नळ फिरला तरी सावरायला थोडा अवधी मिळतो. पाणी गार झालं असेल तर आंघोळ तिथेच संपवा.

पाणी बरोबर असूनही बाळ दचकत असेल, तर टबाचा तळ हात लावून पाहा. धातूचा किंवा फरशीवर ठेवलेला टब गार लागतो. तळाशी घडी केलेला कपडा घातला की गारवाही जातो आणि घसरणंही. शिवाय पाणी कसं ओतता तेही बघा. तांब्याने वरून धार सोडली की बाळाला ती आघातासारखी लागते. ओंजळीतून, अंगाच्या अगदी जवळून पाणी सोडा. चेहऱ्यावर तर ओतायचंच नाही. तोंड ओल्या कापडाने पुसायचं. डोळे आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला, प्रत्येक डोळ्याला कापसाचा वेगळा बोळा.

मधेच सूर लागतो

सुरुवातीला रमलेलं बाळ तीन-चार मिनिटांनी रडायला लागलं, तर तीन शक्यता तपासा.

पाणी निवलं. टबात ५ सेंटीमीटर पाणी म्हणजे फार थोडं, ते बघता बघता थंड होतं. आंघोळ पाच मिनिटांत, फार तर दहात उरका. वर राहिलेल्या छातीपोटावर कोमट पाणी हाताने सतत सोडत राहा.

पकड बरोबर नाही. डावा हात बाळाच्या मानेमागून न्या, मान मनगटावर टेकू द्या आणि त्याच हाताची बोटं पलीकडच्या काखेखालून घेऊन दंड धरा. धुवायला उजवा हात मोकळा राहतो. डावखुऱ्यांनी उलट. अंगठी, बांगडी, घड्याळ आधीच काढून ठेवा. आपली पकड डळमळीत असेल तर बाळाला ते ताबडतोब कळतं.

काहीतरी झोंबतंय. हे बरेचदा लक्षातच येत नाही. रडणं ढुंगणाला पाणी किंवा साबण लागतानाच सुरू होत असेल, तर लंगोटाच्या जागी पुरळ, लाली, मानेच्या वळीत ओल धरून सोललेली कातडी आहे का ते बघा. असेल तर तिथे साबण बंद, फक्त पाणी, आणि नंतर नीट कोरडं करणं. तसाही नवजात बाळाला साबण जवळजवळ लागतच नाही. नेहमीची साबणवडी चांगलीच अल्कधर्मी असते आणि निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी. म्हणून वापरायचाच तर बिनवासाचा, सौम्य, वाटाण्याएवढा, तोही शेवटच्या मिनिटाला आणि लगेच धुऊन टाकायचा. पाण्यात जंतुनाशक द्रव घालायचा नाही.

मुलीला धुताना पुढून मागे. पहिल्या काही दिवसांत तिथे पांढरट किंवा किंचित रक्ताळ स्राव दिसला तर तो आईच्या संप्रेरकांमुळे असतो, खरवडून काढायचा नाही. मुलाच्या शिस्नाची कातडी मागे ओढायची नाही. कानात, नाकात काडी घालायची नाही. बाहेरून दिसतं तेवढंच पुसायचं.

बाहेर काढल्याबरोबर आकांत

बहुतेक घरांतलं दुखणं हेच. पाण्यात बाळ छान असतं, उचललं की भोकाड. लोक पाण्यात खोट काढत बसतात आणि गुन्हेगार असतो हवा आणि ओलावा.

थोडा हिशेब करून पाहू. एक ग्रॅम पाण्याची त्वचेवरून वाफ व्हायला साधारण ०.५८ किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे केसांत आणि वळ्यांत चमचाभर, समजा ५ ग्रॅम, पाणी राहिलं तर ते वाळताना जवळजवळ ३ किलोकॅलरी खेचणार. ३ किलोच्या बाळाचं अख्खं अंग एका अंशाने तापवायला लागते अडीच किलोकॅलरीच्या आसपास. प्रत्यक्षात यातली काही उष्णता हवेतून येते आणि बाळाचं शरीरही नवी ऊब तयार करत असतं, त्यामुळे तापमान एवढं घसरत नाही. पण एका चमच्याची ताकद किती ते ध्यानात यावं.

त्यात नवजात बाळ आपल्यासारखं कुडकुडून ऊब तयार करू शकत नाही. त्याच्या मानेभोवती, पाठीवर, मूत्रपिंडांजवळ तपकिरी चरबीचा साठा असतो, तो जाळून ते ऊब आणतं. साठा मर्यादित, आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठ्या माणसाच्या अडीच-तीन पट. डोकं तर शरीराच्या मानाने भलंमोठं. म्हणूनच डोकं सर्वांत शेवटी धुवायचं आणि सर्वांत आधी पुसायचं. पुष्कळ जण नेमकं उलट करतात. पहिल्याच मिनिटाला डोक्यावर पाणी, आणि मग उरलेला सगळा वेळ ओलं डोकं हवेत. एवढा एक क्रम बदलला तरी निम्मी रडारड कमी झालेली दिसेल, असं मी बिनधास्त सांगते.

डोकं धुण्याची आणखी सोपी पद्धत म्हणजे ते आंघोळीतून वेगळंच काढायचं. सगळं अंग झालं, पुसलं, कपडे घातले, मग बाळाला दुपट्यात गुंडाळून काखेत धरायचं आणि फक्त डोकं टबावर आणून धुवायचं. लगेच कोरडं. आणि रोज डोकं धुवायची गरज नसतेच.

आता पंचे. एक नव्हे, दोन. दोन्ही एकावर एक अंथरून तयार, शक्य असेल तर उबदार, पण हाताला कढत लागतील असे नकोत. बाळाला वरच्या पंचावर घेतलं की तो लगेच डोक्यावरून ओढून सगळं अंग टिपायचं. घासायचं नाही, टिपायचं. तो पहिला पंचा अर्ध्या मिनिटात भिजतो आणि तिथून पुढे तोच बाळाला गार करू लागतो. तो खालून सरकवून बाजूला फेका आणि दुसऱ्या, कोरड्या पंचात बाळ लपेटा. मग निवांत बघा: कानामागे, मानेच्या वळीत, काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत. मानेची वळी बघायला हनुवटी किंचित वर करावी लागते, नाहीतर आतलं पाणी दिसतच नाही, आणि तिथेच दोन दिवसांनी आंबूस वास येतो. पावडर त्यावरचा इलाज नव्हे. ओल्या वळीत तिचे गोळे होतात आणि उडालेली बाळाच्या श्वासातून आत जाते.

कपडे आधीच मांडून ठेवा, बंद सोडलेले, ज्या क्रमाने घालायचे त्या क्रमाने: खाली झबलं, त्यावर लंगोट, शेजारी टोपडं. टोपडं केस सुकेपर्यंत आणि अंग गरम होईपर्यंत पुरे. झोपवताना घरात ते काढून ठेवा, कारण अंग जास्त तापणंही बाळाला घातक आणि टोपडं सरकून तोंडावर येऊ शकतं.

तरीही बाळ गार लागत असेल, तर थरांवर थर चढवण्यापेक्षा त्याला फक्त लंगोटावर, आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीवर पालथं घ्या आणि वरून दोघांवर पांघरूण. तोंड एका बाजूला, नाक मोकळं, आणि घेणारा माणूस जागा. इतकी चांगली शेगडी बाजारात मिळत नाही. स्तनपान करणारं बाळ असेल तर तिथेच पाजायला घ्या.

दिसायला भीतीदायक, पण बहुधा काळजीचं नसलेलं

थंडी लागली की अंगावर जांभळट जाळी उमटते. ऊब मिळाल्यावर ती विरली तर चिंता नको. हाताचे तळवे आणि पावलं पहिल्या दिवसांत निळसर दिसू शकतात. रडताना हनुवटी थरथरणं हे मज्जासंस्था अजून कच्ची असल्याचं लक्षण, थंडीचंच असेल असं नाही. पहिल्या आठवड्यांत कातडी सोलवटते, विशेषतः तारीख उलटून जन्मलेल्या बाळांची. त्यावर जोर करून घासलं तर खालची नाजूक त्वचा उघडी पडते. बाळ गार आहे की नाही हे हातापायांवरून ठरवू नका. पोटाला किंवा मानेच्या मागे हात लावा, आणि शंका असेल तर काखेत थर्मामीटर. ३६.५ ते ३७.५ अंश ठीक.

इथे सवलत नाही

बाळ पाण्यात किंवा टबाजवळ असताना एक हात त्याच्यावर. फोन वाजला, दार वाजलं, पंचा आणायचा राहिला, तर बाळाला उचलून बरोबर घेऊन जायचं. ५ सेंटीमीटर पाण्यातही बाळ बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होतोच असं नाही. टबातली खुर्ची किंवा गळ्यातलं फुगवायचं कडं म्हणजे राखणदार नव्हे. मोठ्या भावंडाला ‘जरा बघ हं’ म्हणून जाणंही नाही.

पाणी विजेच्या रॉडने तापवत असाल तर बटण बंद करून, प्लग काढून, रॉड बादलीतून बाहेर घेतल्याशिवाय पाण्याला हात लावू नका. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर किंवा खोली उबदार करायला पेटलेल्या कोळशाची शेगडी नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग.

डॉक्टरांना कधी

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर आंघोळ कधी सुरू करायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. वरचं गणित अशा बाळाला जास्त कठोरपणे लागू होतं.

नाळेभोवतीची कातडी लाल, सुजलेली, गरम, पू किंवा घाण वास, तर त्याच दिवशी दाखवा. छातीशी धरून, पांघरून अर्धा-पाऊण तास झाला तरी तापमान ३६.५ च्या वर येत नसेल तर फोन करा. ३८ किंवा त्याहून जास्त ताप तीन महिन्यांखालच्या बाळाला आला, तर वाट पाहू नका. ओठ, जीभ निळी पडली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात, बाळ दूध ओढत नाही, उठवूनही उठत नाही, तर सरळ दवाखाना. कढत पाण्याने भाजलं तर भिजलेले कपडे काढा, नळाचं थंड पाणी भाजलेल्या जागी २० मिनिटं सोडा, बर्फ किंवा कसलाही लेप न लावता, बाकीचं अंग उबदार झाकून निघा.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते. नेहमी आंघोळीला कोकलणारं बाळ एखाद्या दिवशी अजिबात रडलं नाही, मलूल पडून राहिलं, अंग सैल वाटलं, तर ‘चला, आज शहाणं झालं’ म्हणू नका. आंघोळ थांबवा, कोरडं करा आणि तापमान बघा.